सात पोरींचा वायदा

अक्का, खरं तेच सांगते. तुझी माती झाली त्या दिवशी मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की माझ्या मातीला एवढी माणसं येतील का? तुझ्या माहेराहून, राणीसावरगावाहून, ट्रक भरून लोक आले. चारठाण्याच्या बाया आल्या. त्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्या तुझं नाव घेऊन ऊर बडवत होत्या. वालूरच्या शाळेचे हेडमास्तर आले आणि माझ्या शेजारून सरळ तुझ्या पायांशी जाऊन उभे राहिले. या गावच्या शाळेत इतकी वर्षं खडू झिजवणारी बाई त्यांना दिसलीच नाही. मी पदर तोंडाला लावून उभी होते. मागून कुणी तरी म्हणालं, "धाकल्या जावंला लय लागलंय." लागलं होतंच, पण ते काय लागलं होतं हे त्या बाईला कळलं असतं तर तिनं मला तिथून हाकललं असतं.

आज नऊ दिवस झाले. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथं जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण ते मागून सांगते. आधी माझं जुनं भांडण ऐक. तू जिवंत असताना ऐकायला कधी बसली नाहीस, आता तुला उठून कुठं जाता येणार नाही.

जावाजावा अन् उभा दावा, असं म्हणतात. आपला दावा उभाच राहिला नाही. भांडायला दोन बाया लागतात आणि तू कायम कामात. मी धुसफुसत भांडी आदळायचे आणि तू म्हणायचीस, "हळू गं, पितळीला पोचा पडंल." बस्स, एवढंच.

मी या घरात आले तेव्हा सातवी पास होते आणि तू अंगठा देत होतीस. पहिलं वर्षभर तुला "तुमी" म्हणायचे. एकदा न्हाणीत साप निघाला आणि मी ओरडले, "अक्का, ये गं लौकर!" तू काठी घेऊन आलीस, साप बाहेर हाकललास आणि दम खात म्हणालीस, "चला, सापामुळं का व्हईना, 'ये' म्हणलीस." तेव्हापासून तू माझी "तू" झालीस. पुढं पुष्पी झाली आणि ती अंगावरून सुटली की लगेच मला मास्तरकीच्या ट्रेनिंगला परभणीला जायचं होतं. सासूबाई नाही म्हणाल्या. तू म्हणालीस, "जाऊ द्या, पोर म्या बघते." दोन वर्षं बघितलीस. मी मास्तरीण झाले ती तुझ्या जिवावर, हे मी कधी नाकारलं नाही. पण सुट्टीला घरी यायचे तेव्हा पुष्पी तुझ्या लुगड्याआड लपायची आणि माझ्याकडं पाहुण्या बाईकडं बघावं तशी बघायची. तू तिची मोठी आई झालीस. मी आई, पण परभणीहून येणारी. तिथं पहिली ठिणगी पडली असावी, अक्का. मी तिच्यावर राख लोटत राहिले.

मग विहार आला.

आपल्या बौद्धवाड्यातला विहार दुष्काळाच्या चार वर्षं आधी उभा राहिला. पुरुषांनी लाकूड आणि पत्रे आणले, भिंतींचा गारा बायांनी कालवला आणि मधला दगडी ओटा तर सबंध सात बायांनीच रचला. तू त्यांत होतीस, मी शाळेत होते. आता ओट्यावर मूर्ती आणून बसवायची तेवढी राहिली होती. भाऊजी, म्हणजे तुझे मालक, मूर्ती ठरवायला नांदेडला निघायचे होते म्हणून सभा बसली. तू सभेत कधी तोंड उघडत नसायचीस. त्या दिवशी मागच्या रांगेतून उठलीस.

"मूर्ती आणा," तू म्हणालीस, "पर वाड्यातल्या सात पोरी मॅट्रिक झाल्यावर."

लोक हसले. लिंबाजीबाबा, आपल्या वाड्यातले सगळ्यांत म्हातारे, त्यांनी विचारलं, "सातच काहून गं?"

"ओटा सात बायांनी रचलाय म्हणून."

"अन् तवर?"

"तवर ओटा मोकळा. येता-जाता डोळ्याला दिसंल म्हंजी ध्यानात राहील."

"भगवंताला दारात थांबवती व्हय?"

"थांबतेत ते, बाबा. पोरींचं वय थांबत न्हाई."

सगळ्यांनी कबूल केलं. त्यांना वाटलं, बाईचं बोलणं, दोन महिन्यांत विसरेल. मलाही तसंच वाटलं. आता तुला ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगते. त्याच्या आदल्या आठवड्यात चुलीपुढं भाकरी थापताना मी म्हणाले होते, "मूर्ती काय, कधीबी आणता येते. आधी एखादी पोर तरी मॅट्रिक व्हायला पाहिजे." ते माझं होतं, अक्का. माझ्या तोंडातून निघालेलं. मी बोलले, तव्यावरची भाकरी उलटली आणि विसरून गेले. तू ते उचललंस आणि नऊ वर्षं सोडलं नाहीस. लोक म्हणतात, गयाबाईचा वायदा. मी कुणाला सांगायला गेले की मूळ बोलणं माझं होतं, तर लोक तोंड फिरवून हसतील, आणि त्यांचंही बरोबरच. नुसतं बोलायला काय, तोंडाला कुलूप नसतं.

आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं वालूर, आणि वालूरला पोरी पाठवायला कुणी तयार नाही. तू गावातली मजुरी सोडलीस आणि वालूरच्या वाटेवरच्या मळ्यांत निंदायला, वेचायला जायला लागलीस. रोज सकाळी कमरेला खुरपं खोवून निघायचं, पोरींना शाळेत सोडायचं, दिवसभर मळ्यात राबायचं आणि शाळा सुटली की त्यांना घेऊन परत. आधी दोन पोरी होत्या, मग चार, मग सहा. तू त्यांच्या मागं चालायचीस. एकदा मी टोमणा मारला, "पुढारी म्होरं चालतो गं, अक्का. तू तर गुराख्यावानी मागं."

तू म्हणालीस, "म्होरं चालले तर मागं कोण गळालं ते कळत न्हाई."

मी घरात आले आणि उगीच पुष्पीला रागावले.

आणि संध्याकाळी त्याच पोरी माझ्या ओसरीत. तू घरी आलीस की पाय पसरून बसायचीस, तुझं काम झालेलं असायचं. माझं तेव्हा सुरू व्हायचं. दिवसभर शाळेत पन्नास पोरांना ओरडून घसा बसलेला आणि समोर यशोदी, जिला अपूर्णांक म्हटलं की घाम फुटतो. कंदिलाची काच पुसायची, वह्या तपासायच्या, एकीची समजूत काढायची, दुसरीला चिमटा काढून जागं ठेवायचं. मी स्वतः मॅट्रिकला बाहेरून बसले होते, तीही दुसऱ्या खेपेला. माझं गणित मी पुन्हा शिकत होते आणि त्यांना शिकवत होते. यशोदी पास झाली तेव्हा तिचा बाप पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा तुझ्या तोंडात घातला. दुसरा भाऊजींच्या. मला घरी जाता जाता दिला, कागदात गुंडाळून. मी तो खाल्ला नाही. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा टाकला.

दुष्काळाच्या साली वाटलं, आता तुझा वायदा मोडेल. मला ते वाटलं तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकते. घराघरातून माणसं खडी फोडायला जात होती आणि जेवढे हात तेवढी हजेरी. आयांनी पोरींना शाळेतून काढून कामावर नेलं. तू कुणाला दोष दिला नाहीस. तू नुसती मुकादमाच्या मागं लागलीस की दुपारच्या सुट्टीत पोरींना एका बाजूला बसू द्या. मग घरी येऊन मला म्हणालीस, "मास्तरीण, सकाळची शाळा सुटली की तिकडं येत जा."

"एवढ्या उन्हात?"

"त्या उन्हातच बसल्यात की."

मी गेले. रोज गेले. अर्धा कोस चालत, डोक्यावर ओलं फडकं टाकून, फळा नाही म्हणून पत्र्यावर खडूनं लिहीत. पोरींच्या हाताला फोड आलेले, लेखणी धरवत नव्हती. कामावर वाटलेली सरकारी सुकडी खात खात त्या पाढे म्हणायच्या. आणि एक दिवस तिथं मोठे साहेब तपासणीला आले. गाडीतून उतरून त्यांनी विचारलं, "ही कल्पना कोणाची?" सगळ्यांनी तुझ्याकडं बोट केलं. साहेबांनी तुला नमस्कार केला. कुणी तरी साहेबांसाठी आणून बाभळीवर टांगलेला हार काढला आणि तुझ्या गळ्यात घातला. मी दोन हातांवर उभी होते, बोटं खडूनं पांढरी. तू हार काढलास आणि एका पोरीच्या गळ्यात टाकलास. तुझ्या मोठेपणाचे गोडवे गात लोक घरी गेले. तुझ्या ध्यानात आलं नाही का, अक्का, की तोच हार माझ्याकडं वळवता आला असता? मला फुलं नको होती. पण "शिकवणारी ही" एवढे दोन शब्द म्हणायला तुझं काय जात होतं?

हसू येतं ते एका गोष्टीचं. सरकारनं अकरावीची मॅट्रिक दहावीवर आणली तेव्हा तू सगळ्या वाड्याला वेठीस धरलंस. त्या वर्षी दोन पोरी दहावी झाल्या, लोक आनंदात आणि तू तोंड पाडून बसलेली. "ह्या मोजायच्या कशा? एक साल कमी झालंय की. वायदा अकरावीचा व्हता." भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं बाई, सरकार म्हणतंय हीच मॅट्रिक!" तू म्हणालीस, "सरकारनं वायदा केलता का, म्या केलता?" चार दिवस तू त्या दोघींना मोजायला तयार नव्हतीस. त्या पोरी रडकुंडीला आल्या. शेवटी मी दोन्ही वर्षांची पुस्तकं तुझ्यापुढं ठेवली, एकेक पान उलटून दाखवलं की जे अकरावीत होतं त्यातलं बरंच दहावीत आलंय. तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी तू पानांवर बोट फिरवत राहिलीस आणि म्हणालीस, "तू म्हणतीस तर मोजते." त्या दिवशी मला मोठं वाटलं, अक्का. तुझ्याबद्दल माया वाटली असे दिवस थोडे, पण तो त्यातला होता.

त्या दोघी धरून पाच झाल्या. भाऊजी म्हणाले, पाचावर भागवू, म्हाताऱ्या माणसांना किती तिष्ठत ठेवायचं. लिंबाजीबाबा दरवर्षी विचारायचे, "पोरी, म्या मरायच्या आत दिसंल का गं मूर्ती?" त्यांचं काय चुकत होतं? सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या देवळाबाहेर उभं राहून काढलेला माणूस. मला त्यांचीच बाजू पटायची. मी तुला एकदा म्हणालेही, "एवढा हट्ट बरा न्हाई." तू म्हणालीस, "आता बसवली तर उद्या सहाव्या पोरीला कोण धाडंल? सात म्हंजी सात." लिंबाजीबाबा जिवंत आहेत आणि तू गेलीस. तुझंही गणित कुठं तरी चुकलंच की.

आता पुष्पीचं.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी पुष्पी दहावीत होती, जुन्या दहावीत, मॅट्रिकला अजून एक वर्ष. हुशार होती, माझी पोर म्हणून सांगत नाही. एका संध्याकाळी जेवताना तिच्या बापानं सहज विचारलं, "शिकून काय व्हायचं गं?" तिनं भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "मला मोठ्या आईवानी व्हायचंय." सगळे हसले. मीही हसले. हातातला घास मात्र ताटात ठेवला. मी शिकलेली. मी पगार आणणारी. मी तिला अक्षरं दिली. आणि माझ्या पोरीला व्हायचंय कुणासारखं, तर अंगठा देणाऱ्या बाईसारखं.

त्याच महिन्यात जिंतूरकडचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, हुंडा नको. मी हो म्हणून टाकलं. सगळ्यांना सांगत सुटले की दिवस असे, स्थळ असं, नाही कसं म्हणायचं. कारणं सगळी खरी होती. त्यांच्या खाली जे होतं ते मी कुणाला दाखवलं नाही.

तू आलीस. उंबऱ्यावर बसलीस. "एक साल थांबव की गं. एकच साल राह्यलंय."

मी तुझंच वाक्य तुझ्या अंगावर फेकलं. "पोरींचं वय थांबत न्हाई म्हणलीस ना?"

तू माझ्याकडं बघितलंस. मग उठलीस, जात्यावर जाऊन बसलीस आणि लग्नाच्या गव्हाची पायली दळायला घेतलीस. हळद तूच लावलीस, पंगतीला तूच उभी राहिलीस. नंतर कधी विषय काढला नाहीस. मी वाट बघत होते, की आज भांडेल, उद्या भांडेल. तू भांडली असतीस तर मला मन मोकळं करता आलं असतं. तू पोरी घेऊन वालूरला जात राहिलीस आणि त्यांतली एक जागा मोकळी, ती मला रोज सकाळी दारातून दिसायची.

शेवटच्या आठवड्यात तू बाजेवरून उठत नव्हतीस. पोटातलं दुखणं तुला गिळत चाललं होतं. मी शाळेतून आले की तुझ्याजवळ बसायचे. त्या दिवशी ठरवून आले होते, की पुष्पीचं सांगून टाकायचं. तू डोळे उघडलेस आणि वायद्यातल्या उरलेल्या दोघींचं विचारलंस, "शोभीचं बीजगणित कसं हाय? अन् कांताला इंग्रजी जमायलंय का?" मी तुझ्या पायाशी बसलेली, डोळ्यांत पाणी, आणि तुला शोभीचं बीजगणित. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पेज देऊ का?" तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

परवाच्या कार्यक्रमाचं ऐक आता.

वंदना झाली. विहार भरला होता, बाहेर अंगणात माणसं बसली होती. पुष्पी जिंतूरहून आली होती, लेकराला मांडीवर घेऊन बायांत बसली होती. भाऊजी उठले. थकलेत गं ते. म्हणाले, आता मूर्ती आणू, आणि ओट्याच्या दगडावर तुझं नाव कोरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, "अन् बसवायची मास्तरीणबाईंच्या हातानं. हितून म्होरं वाड्यानं त्यांचं ऐकायचं."

अक्का, एवढ्या लोकांत माझं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणी तरी मला पुढं यायला वाट करून दिली. मी उठले ती हो म्हणायलाच. दोन चांगली वाक्यंही मनात जुळवली होती. समोर लिंबाजीबाबा बसले होते, हात जोडून. "पोरी, आता तरी. डोळ्यात मोतीबिंदू उतरायलाय. दिसंना झाल्यावर बसवून माझा काय उपेग?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि भिंतीला टेकून बसलेल्या शोभी आणि कांता दिसल्या. दोघींनी माना खाली घातल्या होत्या. त्यांना कळलं होतं. मूर्ती बसली की त्यांना सोमवारी वालूरला कुणी पाठवणार नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "अजून दोन पोरी राहिल्यात."

जो गलका झाला तो तू ऐकायला हवा होतास. हिला काय झालंय, मेलेल्या माणसाचा मान तरी ठेव, एवढी वर्षं जावंच्या नावानं बोटं मोडली आणि आज लागली तिचाच पाढा वाचायला. एक जण तर म्हणाला, हिला आता पुढारी व्हायचंय. नऊ वर्षं तुझ्या गळ्यातल्या हाराकडं बघून जळले. हा गलका तू दरवर्षी ऐकत होतीस, तिकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

लिंबाजीबाबांनी हात वर केला, तसे लोक गप्प झाले. "दोन कशा राहिल्या?" त्यांनी विचारलं. "तुझी पोर शिकू दिली असतीस तर एकच राह्यली असती. मास्तरीण तू. तुझीच पोर काहून न्हाई?"

दिवस असे, स्थळ असं. सगळं जिभेवर होतं, चार वर्षं पाठ केलेलं. पुष्पी माझ्याकडं बघत होती.

"म्याच शिकू दिली न्हाई, बाबा," मी म्हणाले. शाळेतली भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. "स्थळासाठी न्हाई. अक्काच्या नावावर अजून एक पोर जाऊ नये म्हणून."

भाऊजी खाली बसले. लिंबाजीबाबा काठी चाचपत पुढं सरकले. मग म्हणाले, "मंग आता त्या दोन काढ. अन् लौकर काढ." आणि कुणाच्या तरी खांद्याला धरून उठून गेले. त्यांच्यामागं एकेक करून सगळे उठले. ओट्याकडं कुणी बघितलं नाही.

घरी येऊन मी चुलीपुढं बसले. पुष्पी लेकराला निजवून आली. मला वाटलं, आता ही तोंड सोडेल, आणि सोडावं तिनं. ती पाट ओढून बसली आणि म्हणाली, "मला ठावं व्हतं, आई."

"कुणी सांगितलं?"

"मोठ्या आईनं. हळद लावताना. म्हणली, आईवर राग धरू नको. वाड्यातल्या पोरी तिनं शिकवल्या अन् नाव माझं झालं. चारचौघांत म्या एकदा बी म्हणले न्हाई की शिकवणारी ती हाय. चूक माझी, अन् भोगायली तू."

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. काही तरी करायला हवं होतं.

म्हणजे तुला कळलेलं होतं. बाभळीखाली खडूनं भरलेली माझी बोटं तू बघितली होतीस. पेढा कुणाच्या तोंडात आधी गेला तेही बघितलं होतंस. त्या सभेत उभी राहून मला वाटलं होतं, की जन्मात एक गोष्ट तरी मी अक्काच्या आधी केली, आपली चूक आपल्या तोंडानं कबूल केली. तर तिथंही तू चार वर्षं आधी पोचून बसलेली.

शोभी आणि कांता कालपासून पुन्हा ओसरीत येतायत. सकाळी त्यांना वालूरला सोडून मला माझ्या शाळेची घंटा गाठायची आहे, म्हणून आम्ही दिवस उगवायच्या आत निघतो. त्या पास झाल्या की मूर्ती येईल. त्या दिवशी लोक तुझंच नाव घेतील आणि मला राग येईल, तो मी आताच तुला सांगून ठेवते. पास झाल्या नाहीत तर पुन्हा बसवीन. दोन म्हणजे दोन.

पण एक मला कळत नाही, अक्का, आणि ते विचारायला तू नाहीस. मी तिथंच होते. तू पुष्पीला हळद लावत होतीस आणि मी दोन पावलांवर, हळदीची वाटी धरून उभी होते. जे तिच्या कानात सांगितलंस ते मान वर करून मला का सांगितलं नाहीस? एकदा म्हणायचं होतंस, शिकवणारी तू. मी तिथल्या तिथं त्या पोरीची हळद पुसली असती.